‘रगातच हाय त्येंच्या’

आमच्या मोरगावात कोणत्याही माणसाच्या कोणत्याही वागण्याचा उलगडा करणारे एक सूत्र प्रचलित आहे. वाण्याचा मुलगा चौथीत असतानाच हिशेबात पक्का निघाला, की ‘रगातच हाय त्येंच्या’. पाटलांच्या घरातला तरुण ग्रामसभेत हमरीतुमरीवर आला, की ‘रगातच हाय’. गुरवाच्या मुलाचा गळा गोड निघाला, तरी तेच. आणि रात्रीतून कोणाच्या वस्तीवरची शेळी गेली किंवा विहिरीवरची मोटार नाहीशी झाली, की साऱ्या माना ओढ्यापलीकडच्या पालांकडे वळतात आणि हेच वाक्य जरा निराळ्या सुरात उच्चारले जाते. पहिल्या तीन प्रसंगी ते कौतुक असते किंवा फार तर कुरकुर असते. चौथ्या प्रसंगी तो निकाल असतो.

यंदा मानसशास्त्राच्या तासाला सरांनी ‘आनुवंश की परिस्थिती’ हे प्रकरण शिकवायला घेतले. पुस्तकात जुळ्या भावंडांची उदाहरणे होती, उंदरांचे पिंजरे होते, अमेरिकेतली मुले होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र मोरगाव आणि सुपे यांच्यामधले दहाएक किलोमीटरचे माळरान येत राहिले. माणूस वागतो तो रक्ताने की रीतीने, या वादातले दोन्ही पक्ष त्या माळावर समोरासमोर उभे आहेत, आणि त्यांच्यात तडजोड झालेली नाही, असे मला वाटते. पुस्तकातले प्रकरण परीक्षेपुरते वाचले आणि उरलेला वेळ या माळाचा विचार करण्यात घालवला.

आधी सुपे. १२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते. बाजाराला आसपासच्या गावांतून शेतकरी आले होते (मोरगावचे कोणी त्यात नव्हते असे मानायला माझ्याजवळ काही आधार नाही). दुपारपर्यंत नेहमीसारखा बाजार भरला आणि मग त्या जमावाने गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांना आणि घरांना वेढा घातला. मागणी एकच होती : कर्जरोखे, खतावण्या आणि कोर्टाचे हुकूमनामे बाहेर काढा. कागद बाहेर आले आणि त्यांची होळी झाली. दुकाने लुटली गेली, आगी लागल्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोचले. इतिहासाच्या पुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. साडेनऊशेच्या आसपास माणसे धरली गेली आणि त्यांतली निम्म्याहून थोडी अधिक दोषी ठरली.

आता या जमावाकडे मानसशास्त्राच्या चष्म्यातून पाहावे. यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १८९५ मध्ये, ग्युस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने समूहावर एक पुस्तक लिहिले आणि ते फार गाजले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, गर्दीत शिरलेला माणूस स्वतःची बुद्धी गमावतो. सुधारणेच्या शिडीवरून पुष्कळ पायऱ्या खाली उतरतो. त्याच्यातला आदिम प्राणी जागा होतो. पुढे १९६३ मध्ये कोनराड लोरेन्झने आक्रमकतेवरच्या आपल्या पुस्तकात हाच विचार प्राणिशास्त्राच्या पायावर उभा केला. आक्रमकता ही उपजत प्रेरणा आहे, ती आत साठत जाते आणि वाट मिळाली की बाहेर पडते, असे त्याचे मत. लोरेन्झ मोठा शास्त्रज्ञ होता, १९७३ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले. परंतु सुप्याच्या बाजारात तो दिवस घालवता, तर त्याची पंचाईत झाली असती असे मला वाटते.

कारण आदिम प्राणी कागद जाळत नाही. त्या जमावाने जे केले त्यातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट त्यांचा राग नाही, त्यांची निवड आहे. ज्याने रोखे निमूटपणे काढून दिले त्याला बहुधा फारसा त्रास झाला नाही. जो अडून बसला त्याच्यावर हात पडला, आणि तरीही गंभीर शारीरिक इजा क्वचितच झाली. संतापलेल्या माणसाच्या रक्तात ॲड्रेनलिन उतरते, छाती धडधडते, मुठी वळतात, हे सारे शरीराचे शास्त्र खरे आहे. पण कर्जरोखा आणि सावकाराच्या पोराची शाळेची पाटी यांतला फरक ॲड्रेनलिनला कळत नाही. तो कळायला दिवाणी कोर्टाची पायरी चढलेली असावी लागते.

ती पायरी या लोकांनी कशी चढली, तेही पाहण्यासारखे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडे कापसाचा भाव चढला. पैशाचा पूर आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र राहिली. त्यातच सरकारच्या तीस वर्षांच्या सारापाहणीची मुदत संपत आली. ही पाहणी मुंबई इलाख्यात पहिल्यांदा झाली ती आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास. म्हणून मुदतही तिथेच आधी संपली. १८६७ मध्ये इंदापूरचा सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला आणि मग आसपासच्या तालुक्यांची पाळी आली. तिसरी गोष्ट कायद्याची. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य ठरवला. उद्देश शेतकऱ्याच्या भल्याचा होता. झाले असे की, दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला, थकलेले व्याज मुद्दलात जाऊ लागले, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढू लागले. खाली निशाणी नांगराची. नांगराची निशाणी करणाऱ्याला वरचा मजकूर वाचता येत नव्हता, पण त्या कागदात आपली जमीन अडकली आहे एवढे त्याला नेमके कळत होते.

आणि दंग्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांच्या वाड्यावर हात घातला, तेव्हा गावाने आधी दगड उचलला नाही. गावाने सावकारांना वाळीत टाकले. नाभिकाने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, कोणी त्यांच्या शेतात राबायचे नाही. वाळीत टाकणे हे हत्यार गावाला कोणी नव्याने शिकवायला नको होते. जातपंचायतींनी ते शतकानुशतके आपल्याच माणसांवर चालवून पाजळलेले होते. त्या वेळी ते फक्त दुसऱ्या दिशेला वळले. राग कदाचित सगळ्या मानवजातीचा असेल, पण रागावण्याची पद्धत त्या त्या गावची असते.

इथवर लिहून मी थांबले असते तर समाजशास्त्राच्या बाजूने निकाल लागल्यासारखे झाले असते. पण सुप्याच्या जमावाची एक गोष्ट मला खटकते. सावकारी करणारे सगळेच काही गुजर-मारवाडी नव्हते. ब्राह्मण सावकार होते, इतरही होते. व्याजाचा दर काही जातीगणिक फार बदलत नव्हता. तरीही हल्ले झाले ते बहुतांशी परक्या भाषेच्या, बाहेरून आलेल्या सावकारांवरच. गावातले जुने सावकार पुष्कळ ठिकाणी वाचले. म्हणजे हिशेब केवळ पैशाचा नव्हता. ‘आपला’ आणि ‘परका’ हा हिशेबही त्या होळीत घातलेला होता.

इथे जीवशास्त्राला थोडी जागा द्यावी लागते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर काही प्रयोग केले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली आणि ‘तुम्हाला अमक्याची चित्रे अधिक आवडली’ असे सांगून त्यांचे दोन गट पाडले. गट पाडणे निव्वळ यदृच्छेचे होते. गटातली मुले एकमेकांशी बोलली नव्हती, आपल्या गटात कोण आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटायला सांगितल्यावर त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. टोळी करून राहणाऱ्या प्राण्याचे वारस असल्यामुळे ‘आपले-परके’ करण्याची तयारी माणसाच्या मेंदूत बहुधा जन्मापासून असते. पण परका कोण, हे मेंदूत लिहिलेले नसते. ब्रिस्टलमध्ये ते प्रयोग करणाऱ्याने सांगितले. सुप्यात ते भाषेने, पागोट्याच्या बांधणीने आणि खतावणीच्या लिपीने सांगितले. आमच्या गावात ते कोण सांगते, तिकडे आता येते.

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने एक कमिशन नेमले. त्याने गावोगाव फिरून साक्षी नोंदवल्या, बाजारभाव तपासले, कर्जाचे आकडे जमवले, १८७६ मध्ये अहवाल दिला. सारावाढीचे खापर त्याने सरकारच्या डोक्यावर फोडू दिले नाही, सावकारावरच अधिक ठेवले, ही त्याची लबाडी म्हणा. तरी दंग्याला ‘कारणे’ असतात, ती शोधता येतात आणि काही अंशी दूर करता येतात, हे त्याने मान्य केले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निवारणाचा कायदा झाला. कुणब्याच्या रक्तातच जाळपोळ आहे, असे कोणी म्हटले नाही.

त्याच सरकारने चार वर्षे आधी, १८७१ मध्ये, दुसरा एक कायदा केला होता : गुन्हेगार जमातींचा. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगाही पिढीजात चोरच असणार, असा युक्तिवाद तो करताना झाला. गंमत अशी की, हा काही विलायती विज्ञानाचा सिद्धांत नव्हता. आपल्याच जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र साहेबाने उचलले आणि त्याला पोलिसांचा शिक्का मारला. युरोपात लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरचे ‘जन्मजात गुन्हेगारा’वरचे पुस्तक यायला अजून पाच वर्षे होती, आपल्याकडे कायदा आधी झाला, शास्त्र मागाहून आले. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. ज्या जमातीचे नाव यादीत गेले त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने हजेरी द्यायची, परवान्यावाचून हलायचे नाही. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणात वसाहत उभी राहिली आणि तिथल्या लोकांना गिरण्यांत कामाला लावले गेले. फासेपारधी त्या यादीत होते.

म्हणजे ज्याच्या नावावर जमीन होती, ज्याच्याकडून सारा वसूल व्हायचा होता, त्याच्या वागण्याला सरकारने ‘कारणे’ दिली. आणि जो पालात राहत होता, ज्याच्याकडून काही वसूल व्हायचे नव्हते, त्याच्या वागण्याला ‘रक्त’ दिले. एकासाठी कमिशन, दुसऱ्यासाठी हजेरीपट. माझ्या मते आनुवंश आणि परिस्थिती यांच्या सगळ्या वादात हे सर्वांत आधी विचारायला हवे, की ‘रक्त’ हे उत्तर नेमके कोणाच्या बाबतीत दिले जाते.

या फासेपारध्यांचा, आमच्याच मुलुखातल्या भटक्यांचा, खरा अभ्यास व्हायला १९८० चे दशक उजाडावे लागले. कैलास मल्होत्रा हे मानवशास्त्रज्ञ आणि माधव गाडगीळ हे परिसरशास्त्रज्ञ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली एक म्हणजे तिरमल नंदीवाले. इंदापूर तालुक्यातल्या वडापुरीला दर तीन वर्षांनी त्यांचा मेळा भरत असे. दुसरे वैदू, तिसरे फासेपारधी. तिघेही त्याच माळरानावर हिंडणारे. पण नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर यांसारखे लहान प्राणी आणि पाण्यातली कासवे, खेकडे मिळवीत. फासेपारधी फास लावून काळवीट, मोर, तितर, लावे पकडीत. कोणी कोणाच्या वाट्याला फारसे जात नसे. एकाच कुरणावर तीन घरांनी अशी वाटणी केली की तिघांचेही भागते आणि शिकारही संपत नाही.

आता ही वाटणी ‘रक्तात’ आहे असे कोणाला वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच कुटुंब, तोच फास, त्याच जमातीत लग्ने. बाहेरून पाहणाऱ्याला हा सिंहाच्या पोटी सिंह असाच प्रकार दिसणार. पण फास काही पोटातून येत नाही. तो वळावा लागतो, आणि वळायला कोणीतरी शिकवावा लागतो.

मला हे कळले ते पुस्तकातून नव्हे. प्राथमिक शाळेत दोन वर्षे आमच्या वर्गात पालावरचा एक मुलगा होता. तो तोंडाने तितराचा आवाज असा काढी की मैदानाच्या कडेच्या काटवणातून खरे तितर उत्तर देई. आम्ही थक्क होत असू. मी घरी सांगितले, तर आजी म्हणाली, “त्यात काय नवाल? रगातच हाय त्येंच्या.” मी दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारले, “तुला हे जन्मापासून येतं का रे?” तो हसला नाही. म्हणाला, “आजा शिकीवतो. चुकलं का कानाखाली देतो. दोन पावसाळं गेलं तवा जमलं.” मग त्याने मला शिकवायचा प्रयत्न केला. चार दिवसांत माझा आवाज कोंबडीसारखा येऊ लागला, त्यापुढे माझी प्रगती झाली नाही. मला कानाखाली द्यायला आजा नव्हता.

तितर धरणे मात्र तोवर गुन्हा झालेले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. १९९७ मध्ये आमच्याच देवाचे नाव घेऊन सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण चिंकारा तिथे सुखाने राहतो आणि ते पाहून मलाही आनंद होतो. कायदा योग्यच आहे. एवढेच की, ज्या विद्येवर त्या घरातल्या मुलाच्या सगळ्या लहानपणाचे भांडवल लागले होते ती विद्या एका रेघेत गुन्हा झाली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणती विद्या द्यायची याचा विचार शाळेत त्याला मागच्या भिंतीपाशी वेगळे बसवण्यापलीकडे कोणी केला नाही. मग उद्या त्या घरातला कोणी वावगे वागला, तर त्याचे मूळ रक्तात शोधायचे की या व्यवहारात?

जीवशास्त्राचा काहीच वाटा नसतो असे म्हणण्याचा माझा हट्ट नाही. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आजतागायत पाठपुरावा चालू आहे. त्या मुलांवरचा २००२ चा एक निष्कर्ष सर्वत्र गाजला. मेंदूतल्या रासायनिक द्रव्यांची विल्हेवाट लावणारे एक जनुक काही जणांत मंद असते. असे मंद जनुक असलेली आणि लहानपणी घरात छळ सोसलेली मुले पुढे हिंसक निघण्याचे प्रमाण जास्त आढळले. पण तेच मंद जनुक असूनही ज्यांना बरे लहानपण मिळाले, त्यांच्यात तसे आढळले नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकाल सगळे सारखे आलेले नाहीत, आणि एका जनुकावर एवढा भार टाकू नये असे आता शास्त्रज्ञच सांगतात. वर्तमानपत्रांनी मात्र त्याला ‘लढवय्या जनुक’ असे नाव देऊन टाकले. आमच्या आजीचेच सूत्र, फक्त इंग्रजीतून.

आणखी एक साधी गोष्ट. जनुक एकेका माणसाचे असते. यादी मात्र जमातीची होती. एकाच आईबापांच्या दोन मुलांत जे सारखे उतरेल याची खात्री नसते, ते हजारो माणसांच्या अख्ख्या जमातीत एकसारखे उतरते, असे म्हणणारा माणूस जीवशास्त्र बोलत नसतो. तो परक्यांची मोजदाद करीत असतो.

१९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतले रकाने जुनेच राहिले. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत कैद्यांना जातीनुसार कामे वाटण्याची कलमे इतकी वर्षे छापलेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले. निकाल आला त्या आठवड्यात आमच्या आळीतली एक मोटारसायकल चोरीला गेली होती. गस्तीची पोरे रात्री पहिल्यांदा कुठे गेली हे सांगायला नको. मोटारसायकल चार दिवसांनी दुसऱ्याच तालुक्यात सापडली. ती कोणी नेली होती हे गावात सगळ्यांना कळले, आणि तो मुलगा चांगल्या घरातला असल्यामुळे ‘संगत वाईट लागली’ असे ठरले. त्याच्यासाठी परिस्थिती सापडली.

माझ्या वर्गातला तो मुलगा पाचवीनंतर शाळेत दिसला नाही. पाल उठले होते. अलीकडे तो सुप्याच्या बुधवारच्या बाजारात भेटला. कटलरीचे दुकान मांडून बसला होता. त्याला मुलीला शाळेत घालायचे होते आणि जातीच्या दाखल्यासाठी आजाच्या राहत्या ठिकाणाचा कागद हवा होता. आजाच्या नावाचा कोणताही कागद घरात नव्हता. त्याला कोणीतरी सांगितले होते, की पूर्वी पोलीस ज्या वहीत हजेरी घेत ती वही कुठे शिल्लक असली, तर तिच्यात नाव, जात आणि गाव तिन्ही मिळेल. ती वही कोणत्या कचेरीत असू शकेल, हे तो मला विचारत होता.